क्लचचा लिव्हर मऊ लागतोय?



काही मोटारसायकलींच्या क्लचला तार नसते.
लिव्हर दाबला, की नळीतलं तेल क्लच सोडवतं.
हा लिव्हर मऊ लागला, तर पहिला संशय हवेवर घ्या.
तेल दबत नाही… हवा दबते.

आधी हँडलवरची तेलाची डबी पाहा.
गंमत अशी, की क्लचप्लेटा झिजल्या, तर इथली पातळी उलट थोडी वाढते.
म्हणून पातळी उतरली असेल, तर गळती शोधा.
लिव्हरच्या मुळाशी… मग इंजिनावरच्या क्लचच्या सिलिंडरपाशी.

तेल घालण्यापूर्वी डबीचं झाकण वाचा.
कुठे डॉट ४ लागतं, कुठे मिनरल तेल.
अदलाबदल झाली, तर रबरी सील खराब होतात.
डॉट ४ गाडीच्या रंगावर सांडलं, तर लगेच पाण्याने धुवा.

आता हवा काढू.
सिलिंडरच्या निपलला पारदर्शक नळी लावा.
लिव्हर दाबून धरा…
निपल सैल करा…
निपल आवळा…
मगच लिव्हर सोडा.
बुडबुडे थांबेपर्यंत हेच.
डबी मात्र रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून!

पुन्हा सांगते, मऊ लिव्हर म्हणजे बहुधा आत हवा.
हवा काढूनही दाबलेला लिव्हर हळूहळू खचत असेल, तर सील गेलं समजा, आणि मेकॅनिककडे जा.