खटका मागे, बटण पुढे



ध्वनिवर्धकासारखे उपकरण स्वहस्ते बांधण्याची ज्यांना हौस आहे, किंवा जुन्या उपकरणांची दुरुस्ती ज्यांच्या हाती येते, अशा मंडळींनी अंतर्गत जोडणीचा विचार जितक्या बारकाईने करावा तितक्याच बारकाईने मुख्य वीज चालू-बंद करणाऱ्या खटक्याच्या जागेचाही करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

अडचण अशी की, वीज पेटीत शिरते ती मागच्या बाजूने आणि माणसाचा हात येतो तो पुढच्या बाजूने. तेव्हा मागून दोन तारा दर्शनी पट्टीवरील खटक्यापर्यंत आणायच्या आणि तेथून पुन्हा मागे रोहित्राकडे न्यायच्या, हा मार्ग सोपा वाटतो. परंतु बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे शेजारच्या वाहकात वीज उद्भवते हे जे तत्त्व फॅरेडेने १८३१ साली प्रयोगाने दाखवून दिले, ते आपल्या पेटीतही अव्याहत चालूच असते. आपल्या घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट आणि आवर्तने सेकंदास ५०. उलटपक्षी ग्रामोफोनच्या चुंबकीय पिकपमधून येणारा संकेत सुमारे ५ मिलिव्होल्टचा, म्हणजे विजेचा दाब या संकेताच्या ४६,००० पट. इतक्या विषम सामर्थ्याचे दोन प्रवाह एकमेकांना खेटून वाहू लागले, तर त्या नाजूक संकेतात विजेची छाया मिसळते आणि पुढे तीच वर्धित होऊन कर्ण्यातून अखंड घरघर ऐकू येते. जुन्या रेडिओत आवाजाची खुंटी फिरवताच प्रथम ‘टक्’ असा आवाज होई, कारण मुख्य खटका त्याच खुंटीच्या पाठीला जोडलेला असे. सोयीच्या दृष्टीने ती युक्ती उत्तम होती, पण तिच्यामुळे घरातील वीज नेमकी संकेताच्या नाजूक स्थानाशेजारी येऊन बसे.

यावर साधा उपाय असा: वीज हातापर्यंत आणू नये, हाताची हालचाल विजेपर्यंत न्यावी. खटका मागेच, वीज आत येते तेथे बसवावा, आणि पुढच्या बटणापासून त्याच्यापर्यंत एक सरळ दांडी न्यावी. तारांची लांबी वितभरही उरत नाही, आणि दर्शनी पट्टीमागचा सारा भाग धोकादायक दाबापासून मुक्त राहतो.

दांडी नायलॉनसारख्या विद्युत्‌रोधक पदार्थाची असावी. दर्शनी पट्टीतील छिद्र आणि खटक्याचा दट्ट्या एका सरळ रेषेत येतील अशी खातरजमा आधी करावी; दांडी तिरकी गेली की ती छिद्राच्या कडेला घासते, अडखळते आणि कालांतराने खटक्याच्या आतील यंत्रणा झिजवते. एकदा दाबल्यावर चालू व पुन्हा दाबल्यावर बंद होणारा खटका वापरीत असाल, तर एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या: तो चालू अवस्थेत आत अडकलेला असताना बटणाचे तोंड पट्टीच्या बाहेर दोनतीन मिलिमीटर उरलेच पाहिजे, कारण खटका सोडवण्यासाठी त्यास आणखी किंचित आत ढकलावे लागते, आणि बटण पट्टीशी समतल झाले तर ते ढकलावयास जागाच राहत नाही. म्हणून दांडी प्रथम थोडी लांब ठेवावी, बसवून पाहावी, आणि मग कानशीने घासत योग्य मापावर आणावी. खटक्याखालचा आधारही मजबूत असावा. बोटाचा सारा जोर अखेर त्याच्यावरच येतो.

मार्ग सरळ नसेल, मध्ये रोहित्र आडवे येत असेल, तर सायकलच्या ब्रेकला असते तशी वेष्टणातून सरकणारी लवचिक तार उपयोगी पडते. अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ साली हिचे पेटंट घेतले. मात्र ही तार ओढण्यास समर्थ असते, ढकलण्यास नव्हे. म्हणून परतीच्या हालचालीसाठी स्प्रिंगची तजवीज करावी लागते. वेष्टणाची दोन्ही टोके पक्की आवळावीत आणि वळणे मोठ्या घेराची ठेवावीत. ही तार धातूची असल्यामुळे खटक्याच्या विद्युत्‌भारित भागास तिचा स्पर्श होणार नाही याची खबरदारी घ्यावी आणि धातूच्या पेटीस अर्थिंग अवश्य जोडावे.

खटका फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम तोडणारा घ्यावा, कारण भिंतीवरील सॉकेटची जोडणी उलटी निघणे अशक्य नसते. फ्यूज फेजच्या तारेवर, खटक्याच्याही आधी असावा. आणि हे पक्के ध्यानात ठेवा की, खटका बंद असला तरी त्याच्या एका बाजूस वीज उभीच असते. सबब पेटी उघडण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून काढलाच पाहिजे, आणि त्यानंतरही मोठ्या कपॅसिटरांत साठलेला भार रोधकातून उतरवूनच आत हात घालावा.

दांडीऐवजी रिले, म्हणजे विजेने चालणारा खटका, बसवून चालू-बंद करण्याचे हेच काम विद्युतशक्तीकडून करवून घेता येते, आणि दुरून हुकूम देण्याची सोय हवी असेल तेथे त्यास हरकत नाही. परंतु तो हुकूम ऐकण्यासाठी उपकरणाचा काही भाग अहोरात्र जागा ठेवावा लागतो, आणि त्यासाठी थोडी का होईना, वीज सतत खर्ची पडते. दांडीने चालणारा खटका बंद केला की त्याच्यापुढचे सारे उपकरण वीज मुळीच घेत नाही.

तेव्हा श्रोतेहो, पुढचे उपकरण बांधावयास घ्याल तेव्हा पेटीस छिद्रे पाडण्यापूर्वीच कागदावर खटक्याची जागा, दांडीचा मार्ग आणि बटणाचे स्थान आखून घ्या. त्या आखणीस लागणारा वेळ थोडा आहे; तिच्यातून लाभणारा निर्मळ आवाज आणि सुरक्षितता मात्र त्या उपकरणाच्या आयुष्यभर पुरणारी आहे.