कॅचरची पारख : घड्याळ, डोळा आणि उद्याचा रकाना



या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मैदानांवर कॅचर घडवण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. महाराष्ट्रातल्या शाळांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल शिकवणारे अनेक जण आज इथे बसले आहेत. म्हणून, पंधरा-सोळा वर्षांच्या कॅचरची पारख कशी होते, त्याचं काय मोजलं जातं आणि काय मोजायचं राहून जातं, याविषयी मी बोलणार आहे.

पिचर शोधणं तुलनेनं सोपं असतं. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू चेंडूच्या वेगामुळे नजरेत भरले आणि २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं त्यांना करारबद्ध केलं. स्पीडगनवरच्या आकड्यानं दार उघडलं. कॅचरसाठी असं एका आकड्याचं दार नाही. संघातले बाकीचे आठ जण फलंदाजाकडे तोंड करून उभे असतात. हा एकटा त्यांच्याकडे तोंड करून बसलेला असतो आणि सगळा डाव त्याच्या डोळ्यांसमोर चालतो. आपल्याला तो यष्टिरक्षकासारखा वाटतो आणि चपळाई, गुडघ्यांवरचा भार, एकाग्रता यांत साम्य आहेही. पण यष्टिरक्षकाला दर थोड्या वेळानं बसल्या जागेवरून १२७ फूट लांब चेंडू फेकावा लागत नाही, आणि गोलंदाजानं पुढचा चेंडू कोणता टाकावा हेही त्याला दर वेळी सुचवावं लागत नाही.

हे १२७ फूट म्हणजे होम प्लेटपासून सेकंड बेसपर्यंतचं अंतर. कॅचरची सगळ्यात जास्त बोलली जाणारी मोजणी इथूनच सुरू होते. तिला पॉप टाइम म्हणतात. चेंडू कॅचरच्या मिटमध्ये आदळला की घड्याळ सुरू करायचं आणि सेकंड बेसवरच्या खेळाडूच्या हातमोज्यात पोचला की थांबवायचं. मेजर लीगमध्ये ही सरासरी दोन सेकंदांच्या आसपास असते. जे. टी. रिअलम्यूटोसारखा अव्वल कॅचर १.९ सेकंदांच्या आत-बाहेर असतो. हायस्कूलमधल्या मुलानं २.० ते २.१ सेकंद दाखवले की क्लबांसाठी खेळाडू हेरणारा स्काऊट वहीत नाव लिहून घेतो.

मित्रहो, माझं म्हणणं असं की हा आकडा जसाच्या तसा लिहून घेणं ही अर्धीच पारख आहे. समजा, दोन मुलांचा पॉप टाइम २.१० सेकंद आहे. पहिला चेंडू पकडल्यापासून हातातून सोडेपर्यंत ०.९० सेकंद घेतो आणि त्याचा चेंडू १.२० सेकंदांत पोचतो. दुसरा ०.७० सेकंदांत चेंडू सोडतो, पण चेंडूला पोचायला १.४० सेकंद लागतात. वहीत दोघं सारखे दिसतात, मैदानावर मात्र ते दोन वेगळे खेळाडू आहेत. पहिल्याच्या हातात ताकद आहे, त्याचे पाय आणि हात गोंधळतात. दुसऱ्याची हालचाल स्वच्छ आहे, खांदा अजून भरायचा आहे. पहिल्याला काही महिन्यांच्या सरावात बदलता येतं. दुसऱ्याला वाढीचं वय, योग्य व्यायाम आणि धीर द्यावा लागतो. ज्या मोजणीतून उद्याच्या सरावाला काय घ्यायचं ते कळतं, ती खरी मोजणी.

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. सेकंदाला २४० चौकटी टिपणारा मोबाइल बाजूला तिपाईवर लावा. चेंडू मिटला लागल्यापासून बोटांतून सुटेपर्यंतच्या चौकटी मोजा. १९२ भरल्या तर ०.८० सेकंद झाले. मग तीच चित्रफीत मुलाला हळूहळू दाखवा. चेंडूची घाई असलेला मुलगा मिट पुढे ताणून चेंडू पकडतो, मग तो परत छातीपर्यंत ओढून आणतो, मग उजवा हात चेंडू शोधत आत जातो. चेंडूला अंगाजवळ येऊ दिलं, दोन्ही हात छातीच्या उजव्या बाजूला भेटले आणि त्याच क्षणी उजवा पाय खाली आला की एवढा मोठा वळसा वाचतो. मुलाला हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की मास्तरांना ओरडावं लागत नाही.

घड्याळाच्या आणखी दोन मर्यादा आपण ओळखायला हव्यात. पहिली, चोरलेल्या बेसचा सगळा हिशेब कॅचरच्या नावावर मांडणं अन्यायाचं आहे. पिचरच्या पहिल्या हालचालीपासून चेंडू प्लेटपर्यंत यायला १.३ सेकंद लागले आणि पॉप टाइम २.० असला, तर बेरीज ३.३ सेकंद होते. धावपटूला बाद करायला वर क्षणभर लागतोच. पिचरनं १.६ सेकंद घेतले तर उत्तम कॅचरही हतबल होतो. तेव्हा पिचरची वेळ शेजारी लिहिल्याशिवाय कॅचरची टक्केवारी लिहू नका. दुसरी मर्यादा शोकेसची, म्हणजे स्काऊटांसाठी भरवलेल्या चाचणी-मेळाव्याची. तिथे फलंदाज उभा नसतो, धावपटू नसतो, चेंडू सरळ येणार हे माहीत असतं. मुलगा आधीच अर्धा उठलेला असतो. तिथला १.९५ आणि सामन्यात, डावखुरा फलंदाज समोर असताना, बाहेर गेलेल्या वळत्या चेंडूवरचा २.१५ यांची तुलनाच होत नाही. शिवाय वेळ कितीही चांगली असली, तरी चेंडू बेसच्या वर गुडघ्याच्या उंचीला आला की डोक्यावरून गेला, हे घड्याळ सांगत नाही. म्हणून प्रत्येक वेळेपुढे चेंडू कुठे आला, त्याची एक खूण करा.

आता फेकीव्यतिरिक्तच्या कामाकडे येऊ. सामन्यात कॅचर सेकंड बेसकडे मोजक्याच वेळा फेकतो, पण चेंडू तो शंभराहून अधिक वेळा घेतो. जमिनीवर आपटून येणारा चेंडू पकडायचा नसतो, अडवायचा असतो. दोन्ही गुडघे खाली, मिट पायांच्या मधे, हनुवटी छातीला, खांदे पुढे झुकलेले, म्हणजे चेंडू अंगावर आदळून समोरच मरतो. किती चेंडू आपटले, त्यांतले किती कॅचरच्या हाताच्या अंतरात थांबले आणि किती वेळा धावपटू पुढे सरकला, एवढी तीन खाती ठेवा. नुसत्या धावपत्रकावर विसंबू नका. चूक पिचरची की कॅचरची, हे शालेय सामन्यात लिहिणाऱ्याच्या मतावर फार अवलंबून असतं.

मग येतं चेंडू शांतपणे घेण्याचं कसब. २०११ मध्ये माइक फास्ट या अभ्यासकानं चेंडूच्या मार्गाची नोंद तपासून दाखवलं, की स्ट्राइकच्या चौकटीच्या काठावरचे चेंडू नीट घेणारा कॅचर संघाच्या धावा वाचवतो. होजे मोलिना तेव्हा या कलेचं उदाहरण ठरला. जाणत्या डोळ्यांना जे दिसत होतं ते आकड्यांनी सिद्ध केलं आणि क्लबांची कॅचर निवडण्याची रीतच बदलली. हायस्कूलमध्ये चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे नाहीत. तिथे डोळ्यांनीच पाहावं लागतं : खालच्या चेंडूला मिट खालून वर येतं की चेंडूबरोबर खाली पडतं, मनगट स्थिर राहतं की झटका बसतो. यातही बदल येतो आहे. मेजर लीगनं २०२६ च्या हंगामासाठी बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देण्याची पद्धत मंजूर केली आहे. हे आव्हान फक्त फलंदाज, पिचर किंवा कॅचर देऊ शकतो. म्हणजे उद्याच्या कॅचरला स्ट्राइकची चौकट अचूक ठाऊक असणं, हे स्वतंत्र कौशल्य होणार आहे.

आणि खेळाची जाण? अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत कोणता चेंडू टाकायचा हे प्रशिक्षकच बाकावरून सांगतात. २०२४ पासून हायस्कूलच्या नियमांत प्रशिक्षकाला एकतर्फी यंत्रानं कॅचरशी बोलायची मुभा आहे. त्यामुळे मुलाची बुद्धी सामन्यात झाकली जाते. ती पाहायची तर डाव संपल्यावर त्याला विचारा : त्या फलंदाजाला दुसऱ्या वेळी वेगळा चेंडू का दिला? लागोपाठ दोन फलंदाज चालत बेसवर गेले की तो माऊंडवर जातो का, आणि परत येताना पिचरचे खांदे सैल झालेले असतात का, ते पाहा. पालकांच्या बाकावरून हे दिसत नाही. त्यासाठी प्लेटमागच्या जाळीजवळ पूर्ण सामना उभं राहावं लागतं.

या सगळ्याची कसोटी इतिहासानं लावलेली आहे. २००१ मध्ये मिनेसोटा ट्विन्सनं सेंट पॉलच्या हायस्कूलमधला कॅचर जो मावर सर्वांत आधी निवडला. तो तीनदा फलंदाजीचा मानकरी ठरला आणि २०२४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. पारख अचूक होती. पण बस्टर पोझी हायस्कूलमध्ये पिचर आणि शॉर्टस्टॉप होता. २००५ मध्ये त्याला थेट पन्नासाव्या फेरीत निवडलं गेलं. कॅचर तो फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात झाला आणि २००८ मध्ये पाचव्या क्रमांकावर निवडला गेला. माइक पियाझाला १९८८ मध्ये बासष्टाव्या फेरीत घेतलं, कॅचर त्यानंतर बनवलं. कॅचर म्हणून ३९६ होम रन त्याच्या नावावर आहेत. सोळाव्या वर्षीच्या नोंदीवर शेवटचा शिक्का मारणाऱ्यांना या दोघांनी उत्तर दिलं आहे.

अमेरिकेतल्या स्काऊटांकडून घ्यावी अशी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ते कौशल्याला २० ते ८० गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. प्रत्येक कौशल्यापुढे दोन रकाने असतात, एक आजचा आणि एक उद्याचा. आज ३० आणि उद्या ५५, असं लिहिणाऱ्यानं त्या मुलाच्या वाढीची जबाबदारी अंगावर घेतलेली असते. आपल्या निवड चाचण्यांत पहिला रकाना असतो. दुसरा आपण कोराही ठेवत नाही, तो आखतच नाही.

म्हणून या व्यासपीठावरून माझं तीन गोष्टींचं आवाहन आहे. एक, जिल्हा आणि राज्य चाचण्यांत कॅचरचा पॉप टाइम दोन भागांत नोंदवा. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये होम प्लेट ते सेकंड बेस अंतर सुमारे ८५ फूट आहे, तेव्हा त्यांची मापं वेगळी लिहा, बेसबॉलची लादू नका. दोन, निवडीपूर्वी प्रत्येक कॅचर किमान एका पूर्ण सामन्यात पाहिला जावा. तीन, नोंदीची प्रत मुलाच्या आणि पालकांच्या हातात पडावी. वगळलेल्या मुलालाही काय सुधारायचं हे कळण्याचा हक्क आहे. तो हक्क देणं आपल्या हातात आहे आणि त्याला कुठल्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

मोजमापाला मी विरोध करत नाही, उलट अधिक मोजा म्हणतो. मात्र प्रत्येक आकड्याबरोबर एक प्रश्न विचारा : यातून या मुलाला उद्या काय शिकवता येईल? उत्तर सापडलं नाही तर मोजणी अपुरी राहिली असं समजा आणि पुन्हा मैदानावर जा. या संमेलनातून परतताना आपण सगळे मिळून नोंदीचा एक सामायिक नमुना ठरवूया आणि येत्या शालेय हंगामात तो वापरायला लागूया.