वाकून पाहावा असा जांभा

रत्नागिरीत फोटो काढायचे म्हटलं की गाडी रत्नदुर्गाकडे वळते, नाहीतर थिबा पॅलेसकडे. मावळता सूर्य, मागे समुद्र आणि मध्ये आपण! हौस म्हणून ते छानच. पण आज मी तुम्हाला पायाखाली बघायला सांगणार आहे. जांभ्याकडे, आपल्या कोकणातल्या तांबड्या दगडाकडे.

जांभा आपल्या इतक्या सवयीचा, की तो दिसेनासाच झालाय. घराच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, आवाराचा गडगा चिऱ्याचा, पाखाडीच्या पायऱ्याही त्याच्याच. सकाळी आठच्या सुमारास जुन्या गडग्यापाशी मोबाइल घेऊन उभे राहा. ऊन तिरकं येत असतं. चिऱ्यावरचे हत्याराचे घाव एकेक करून वर येतात, भोकांमध्ये सावली भरते, तांबडा, पिवळा, काळपट असे रंग सुटे होतात. दुपारी बाराला या. तोच गडगा अगदी सपाट!

उक्षी, कशेळी या गावांतली, कातळावर कोरलेली कातळशिल्पं पाहताना तिरक्या उन्हाचं हे महत्त्व फार पटतं. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, त्या उथळ खोदरेषा भर दुपारी कुणी बोटाने दाखवल्या तरी नीट लागत नाहीत. उन्हं कलली, रेषेच्या एका काठावर सावली धरली, की कशेळीचा तो प्रचंड हत्ती आकाराला येतो. २०२२ साली कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. गावकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच सड्यावरून गुरं नेत होते.

पावसाळ्यात सड्यावर ओणवंच व्हावं लागतं. पहिल्या पावसानंतर दीपकाडी फुलते. ही मुख्यतः आपल्या किनारपट्टीच्या कातळसड्यांवरची. तिचं पांढरं फूल मोबाइलमध्ये नुसता पांढराफटक ठिपका होऊन बसतं. अशा वेळी स्क्रीनवर फुलावर बोट टेकवा आणि उजेड थोडा उतरवा. पाकळ्यांच्या कडा दिसू लागतील. ढगाळ हवा असेल तर उत्तमच, कारण सावल्या बोचत नाहीत.

पुढे पाऊस स्थिरावला, की ओलसर जागी दवबिंदू ही वनस्पती शोधा. रुपयाच्या नाण्याएवढं रोप, पानांवर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चकाकणारा थेंब. कॅमेरा आणखी जवळ न्या. एखाद्या थेंबाला चिलट चिकटलेलं असतं! कातळावरच्या जेमतेम मातीत नत्र कमी, ते हे रोप किड्यांकडून वसूल करतं. उभ्याने पाहिलं असतं तर सुंदर दिसलं असतं की नाही कोण जाणे. पण त्याचं हे पोट भरण्याचं काम नक्कीच दिसलं नसतं. जवळून पाहण्याचा खरा फायदा हा. देखणेपणाच्या मागचं कारणही हाती लागतं.

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. गुडघे टेकायची तयारी लागते, आणि पाऊल टाकण्याआधी खाली बघायची. फोटोसाठी फूल खुडू नका, रोप तुडवू नका.

आणि एक करा. फोटोसोबत गाव आणि तारीख नोंदवून ठेवा. सड्यांवर चिरेखाणी निघताहेत, बागा होताहेत, घरं उठताहेत. अमुक सड्यावर अमुक महिन्यात काय फुलत होतं, हे उद्या कुणी विचारलं, तर तुमच्या मोबाइलमधली ती नोंद पुरावा म्हणून कामी येईल.