जुनी फळी, नवी लाट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज आपल्याशी मी फळीबद्दल बोलणार आहे. लाटेवर उभे राहून किनाऱ्याकडे झेपावण्यासाठी जी फळी वापरतात, जिला सर्फबोर्ड म्हणतात, तिच्याबद्दल आणि आपल्याकडे होडीला लागणाऱ्या फळीबद्दलही. या दोन गोष्टींचा काय संबंध, असे वाटेल. मलाही तसेच वाटत होते.

पावसाळ्यात वसईच्या पाचूबंदरला किंवा विरारजवळ अर्नाळ्याला गेलात, तर मासेमारीच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या दिसतील. एरवी पाण्याखाली असणारे त्यांचे पोट तेवढ्या दिवसांत आपल्याला बघायला मिळते. एकीकडे सागवानी फळ्यांची जुनी होडी, तिच्या शेजारी फायबरची नवी. फायबरची होडी साच्यातून निघते. पहिली आणि दहावी अगदी सारखी. लाकडी होड्यांचे तसे नाही. एकाच सुताराच्या हातच्या दोन होड्या शेजारी ठेवल्या तरी त्या सख्ख्या बहिणींसारख्या असतात. तोंडवळा एक, पण तंतोतंत सारख्या नाहीत.

काही वर्षांपूर्वी अशाच एका होडीचे काम मी बघत उभा होतो. वयस्कर सुताराने नाळेपासून मागपर्यंत सुतळी ताणली, चार पावले मागे जाऊन एक डोळा मिटला आणि हाताखालच्या पोराला मागचा वाक बोटभर आत घ्यायला सांगितले. वाक म्हणजे होडीची बरगडी. मी विचारले, "काका, नकाशा कुठाय?" ते हसले. मग विचारले, "बोटभराने काय फरक पडतो?" त्यावर ते म्हणाले, "नायतर पाणी मागनं धरून ठेवतं. सुटत नाय."

पाणी धरते आणि पाणी सुटते. त्यांचे हे शब्द माझ्या डोक्यात राहिले. पुढे सर्फबोर्ड घडवणाऱ्यांविषयी वाचू लागलो, तेव्हा हेच दोन शब्द निराळ्या भाषेत पुन्हा भेटले.

लाटेवर फळी घेऊन खेळण्याची कला पॅसिफिक बेटांची. कॅप्टन कुकच्या मोहिमेतले अधिकारी 1779 मध्ये हवाईत होते, तेव्हा तिथल्या लोकांचा हा खेळ पाहून थक्क झाले होते. हवाईच्या लोकांकडे फळ्यांचे वेगवेगळे प्रकार होते. 'ओलो' ही लांबलचक, जाड फळी राजघराण्यातल्यांची. 'अलाया' ही पातळ, चपटी, सर्वसामान्यांची. दोन्हींच्या तळाला माशाच्या परासारखी उभी पट्टी नव्हती. आज सर्फबोर्ड म्हटला की तळाचे ते पर आलेच. पण ते अगदी अलीकडचे.

एकोणिसाव्या शतकात परकीयांनी आणलेल्या रोगांनी हवाईची लोकसंख्या झपाट्याने घटली. मिशनऱ्यांना हा उघड्या अंगाचा खेळ पसंत नव्हता. खेळ मागे पडला, फळ्या होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये जाऊन पडल्या. 1926 च्या सुमारास टॉम ब्लेक नावाचा अमेरिकन पोहणारा तिथे पोहोचला. त्याने त्या जुन्या फळ्या दुरुस्त करायला घेतल्या आणि मग तशीच एक स्वतः बनवली. भरीव लाकडाची फळी फार जड झाली, म्हणून त्याने तिला शेकडो भोके पाडली आणि वरून पातळ लाकडाने बंद केली. त्यातून पोकळ, हलकी फळी जन्माला आली. 1935 मध्ये त्यानेच एका टाकून दिलेल्या मोटरबोटीच्या तळाची धातूची पट्टी काढून आपल्या फळीला लावली. म्हणजे सर्फबोर्डचा पहिला पर होडीकडून आला!

होडी आणि फळी यांचे हे नाते पुढेही चालू राहिले. 1946 मध्ये लिंडसे लॉर्ड या अमेरिकन नौकातज्ज्ञाचे वेगवान बोटींच्या तळाविषयीचे संशोधन पुस्तकरूपाने आले. आपण लहानपणी तळ्यात चपट्या दगडाच्या भाकऱ्या काढायचो, ते आठवा. दगड वेगात असेपर्यंत पाणी कापत नाही, पाण्यावरून घसरतो. वेग संपला की बुडतो. वेगवान बोटीचे तत्त्व हेच. बॉब सिमन्स या कॅलिफोर्नियातल्या तरुणाने हे पुस्तक वाचून मागे रुंद असलेल्या, हलक्या फळ्या बनवल्या. 1954 मध्ये लाटांमध्येच त्याचा मृत्यू झाला आणि त्याच्या कल्पना बाजूला पडल्या.

1967 मध्ये सॅन दिएगोच्या स्टीव्ह लिसने गुडघ्यावर बसून खेळण्यासाठी आखूड, रुंद, माशासारख्या दुभंगलेल्या शेपटीची फळी काढली. तिला दोन पर होते. ऑस्ट्रेलियाचा मार्क रिचर्ड्स दोन परांच्याच फळीवर 1979 ते 1982 असा सलग चार वर्षे जगज्जेता झाला. पण 1981 मध्ये त्याचाच देशबांधव सायमन अँडरसन तीन परांची फळी घेऊन आला आणि मोठ्या स्पर्धा जिंकू लागला. मग सगळ्या जगाने तीच उचलली. फळ्या अरुंद, पातळ, टोकदार होत गेल्या. उत्तम खेळाडूच्या पायाखाली त्या तलवारीसारख्या चालत. पण शनिवार-रविवारी समुद्रावर येणाऱ्या साध्या माणसाला, मऊ लहान लाटेवर, त्या फळीवर नुसते उभे राहणेही जमेना.

आता गंमत पाहा. डिसेंबर 2005 मध्ये अमेरिकेतली क्लार्क फोम ही कंपनी अचानक बंद झाली. अमेरिकेतल्या बहुतेक कारागिरांना फोमचा कच्चा ठोकळा तीच पुरवत असे. ठोकळाच मिळेना म्हटल्यावर कारागिरांना नव्याने विचार करणे भाग पडले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला टॉम वेगनर बिशप म्युझियममधल्या अलाया पाहून आला होता. पावलोनियाच्या हलक्या लाकडाच्या, बिनपराच्या पातळ फळ्या तो बनवू लागला. लोकांना वाटले, ही म्युझियममधली वस्तू, भिंतीवर टांगायची. पण चांगल्या खेळाडूंनी ती लाटेवर नेली, तेव्हा तिचा वेग पाहून सगळे चकित झाले. तिकडे सिमन्सच्या जुन्या फळीचा आकार लहान करून नव्या फळ्या निघाल्या. लिसचा 'मासा'ही परत आला. आज जुन्या फळीचे मोजमाप संगणकात घेतात, त्यात हवा तो बदल करतात आणि यंत्राने कापतात. शेवटचा हात मात्र कारागिराचाच असतो.

जुन्या फळ्या परत आल्या त्या केवळ हौसेने नाही. कारागिरांना आकारामागचे कारण पुन्हा सापडले. फळीची कड गोल असेल तर पाणी तिला चिकटून वळते, धरून ठेवते. कड धारदार असेल तर पाणी तिथून सुटते, फळी मोकळी होते. पुढे गोल आणि मागे धारदार, हा आजच्या फळीचा साधा नियम. आमचे सुतारकाका आणखी काय वेगळे सांगत होते?

मात्र एक लक्षात घेतले पाहिजे. हवाईच्या फळ्या म्युझियममध्ये होत्या म्हणून ब्लेकला सापडल्या आणि ऐंशी वर्षांनी वेगनरलाही सापडल्या. नसत्या तर? आता आपल्याकडे वळू.

आपल्या विरारजवळचे आगाशी आज केळी आणि भाजीसाठी ओळखले जाते. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ते इमारती लाकडाच्या व्यापाराचे आणि जहाजबांधणीचे बंदर होते. पोर्तुगीजांनी 1530 आणि 1531 मध्ये ते लुटले. 1534 मध्ये वसईच त्यांच्या ताब्यात आली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली. हा इतिहास आपण शाळेत शिकतो. किल्ल्याचे बुरूज आपण मोजतो. पण त्या काळात इथे बांधलेल्या जहाजांचे पोट कसे होते, पठाण म्हणजे तळाचा कणा किती वाकवत, हे कुणी लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही. ज्ञान हातातून हातात गेले. हात थांबला की ज्ञान थांबते.

होडीचा आकार काळाप्रमाणे बदलला, यात वाईट काही नाही. शिडाची होडी वाऱ्याने एका कुशीवर कलते. ती आडवी वाहून जाऊ नये म्हणून तिला पाण्यात पकड लागते. 1950 च्या दशकापासून आपल्या किनाऱ्यावर इंजिने आली. इंजिनाचे वजन मागे, पंख्याकडे पाणी मोकळे यायला हवे, म्हणून मागचा भाग बदलावा लागला. कारागिरांनी तो बदललाही, कुठल्याही कॉलेजात न जाता. पुढे सागवान महागले. दरवर्षी होडी खरवडा, भेगा भरा, तेल द्या, हा खर्च परवडेना. फायबर आले. ज्याला पहाटे समुद्रावर जायचे आहे त्याने फायबर निवडले, तर आपण त्याला दोष देण्याचे कारण नाही. तमिळनाडूतही डिसेंबर 2004 च्या सुनामीनंतर मदत म्हणून फायबरच्या बोटी मोठ्या प्रमाणावर वाटल्या गेल्या आणि ओंडके बांधून केलेली कट्टुमरम झपाट्याने मागे पडली. याच शब्दावरून इंग्रजीत कॅटामरान आला.

त्याच किनाऱ्यावर आणखी एक होडी होती, मसुला. मद्रासला बंदर नव्हते तेव्हा मोठी जहाजे दूर नांगर टाकत आणि माल, माणसे फुटत्या लाटांतून किनाऱ्यावर आणायचे काम या होड्या करत. युरोपियन बनावटीच्या ताठ होड्या त्या लाटांत फुटत. मसुला फुटत नसे, कारण तिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, काथ्याने शिवलेल्या होत्या. लाटेचा दणका बसला की ती जराशी लवायची. शिवलेले जहाज म्हणजे मागासलेपणाची खूण, असे पुष्कळ परदेशी प्रवाशांना वाटले. पण ते मुद्दाम तसे केलेले होते.

या शिवणीची अलीकडची गोष्ट आपण वर्तमानपत्रात वाचली असेल. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पाचव्या शतकातले एक जहाज आहे. त्यावरून खरे जहाज बांधायचे ठरले. जुलै 2023 मध्ये केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. अडचण अशी की चित्र आहे, पण मोजमाप नाही, नकाशा नाही. मग केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काथ्याने फळ्या शिवल्या, नौदलाने आकार ठरवला आणि आयआयटी मद्रासने त्याची प्रतिकृती पाण्यात तपासली. सुमारे 20 मीटर लांबीचे हे जहाज 21 मे 2025 रोजी कारवारला नौदलात दाखल झाले. नाव 'कौंडिण्य'. 29 डिसेंबर 2025 ला ते पोरबंदरहून निघाले आणि 14 जानेवारी 2026 ला मस्कतला पोहोचले. इंजिनाविना, शिडावर.

त्या वेळी सगळ्यांनी जहाजाचे कौतुक केले, ते योग्यच होते. मला मात्र सारखे वाटत होते की फळ्या शिवणारे हात केरळात शिल्लक होते म्हणून हे झाले. चित्र अजिंठ्याला दीड हजार वर्षे होतेच. पण नुसत्या चित्रावरून शिवण शिकता येत नाही. आणखी तीस वर्षांनी ही कल्पना कुणाला सुचली असती, तर ते हात मिळाले असते का?

हाच प्रश्न मी अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या बाबतीत विचारतो. लाकडी होडी बांधणारे हात आता थोडे उरलेत. त्यांची मुले शिकून नोकऱ्यांना लागली. चर्चगेटची लोकल पकडणाऱ्या मुलाला मी कोणत्या तोंडाने सांगू की तू रंधा हातात घे? तसा आग्रह मी धरणार नाही. जुन्या होड्या परत आणा, असेही माझे म्हणणे नाही.

म्हणणे एवढेच की होडी तुटण्याआधी मोजून ठेवा. वसई-विरार परिसरात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. पावसाळ्यात होड्या वर असतात तेव्हा विद्यार्थ्यांनी मोजपट्टी, सुतळी आणि पुठ्ठा घेऊन जावे. दर दोन हातांवर होडीच्या पोटाचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून घ्यावा. फोटो काढावेत. तीन-चार होड्यांचे असे काम झाले, तरी आपल्याकडे काहीतरी राहील. पण तेवढ्यावर थांबू नये. शेजारी सुताराला बसवावे आणि प्रत्येक वळणापाशी विचारावे, हे असे का? त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे. पठाण, वाक, नाळ हे शब्दही त्यासोबत वाचतील. आकार यंत्रालाही मोजता येतो. कारण मात्र माणसालाच विचारावे लागते.

याचा उपयोग काय, असे कुणी विचारेल. फायबरची होडीसुद्धा कुठल्यातरी साच्यातून निघते आणि त्या साच्याला आकार कुणीतरी दिलेला असतो. आपल्या खाडीच्या तोंडाशी उठणारी आखूड, उभी लाट दुसरीकडच्या साच्याला ठाऊक नसते. इथल्या सुताराला ती ठाऊक होती. त्याच्या होडीचे पोट त्या लाटेसाठीच वळवलेले होते. उद्या फायबरचा नवा साचा करताना ते मोजमाप हाताशी असेल, तर कदाचित डिझेल वाचेल आणि उधाणात परतणाऱ्या चार माणसांची होडी थोडी कमी हेलकावेल. समुद्रावर जाणाऱ्याच्या घरच्यांना विचारा, या 'थोड्या'ची किंमत किती असते.

ज्यांच्या सुतळीने माझी ही जिज्ञासा सुरू झाली, ते काका आता काम करत नाहीत. डोळ्यांना कमी दिसते. गेल्या पावसाळ्यात भेटलो, तेव्हा किनाऱ्यावरच्या एका फायबरच्या होडीच्या मागच्या कडेवर त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, "हिचं पाणी बरं सुटत असंल." मग थोडे थांबून म्हणाले, "पुढनं मात्र आपटत असंल."

होडीच्या मालकाला मी नंतर विचारले. तो म्हणाला, हो, आपटते.