हुगळीकाठची संध्याकाळ

कोलकात्यात नवखा आलेला मनुष्य संध्याकाळी नदीवर जातो तो काहीतरी पाहण्यासाठी. तिथला रहिवासी जातो तो केवळ बसण्यासाठी. हा भेद ध्यानात आला म्हणजे हुगळीचे घाट कळू लागतात.

ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या स्मरणार्थ १८४३ साली उभारलेला खांबांचा मंडप, त्याला लागून आगगाडीचे रूळ आणि पलीकडे पाणी. कुल्हडातला चहा, मोहरीच्या तेलाचा वास असलेली झालमुडी आणि कोणत्याही निष्कर्षाची घाई नसलेल्या गप्पा, ज्यांना बंगाली मनुष्य 'अड्डा' म्हणतो, एवढी सामग्री त्याला पुरते. समुद्राची भरती येथवर पोहोचते. पायऱ्या बुडू लागल्या की मंडळी बोलणे न थांबवता दोन पायऱ्या वर सरकतात.

ही मोकळीक मात्र गृहीत धरण्यासारखी नाही. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारने येथील मासेमारीवर कर बसविला. तेव्हा राणी रासमणीने नदीचा एक पट्टा इजाऱ्याने घेतला, साखळ्या ताणून जहाजांची वाट अडविली आणि अखेर तो कर उठला, असे सांगतात. जवळचा बाबूघाट तिच्या पतीने १८३० साली बांधविला.

तिच्या काळी नदी करापासून राखायची होती. आता ती राखायची आहे मलापासून. रिकामे कुल्हड आणि झालमुडीचा कागद पाण्यात न टाकता जो उठतो, तोच या काठाचा खरा रहिवासी, मग तो कोणत्याही प्रांतातून आलेला असो.