कोलोरॅडोची महाघळई आणि तेथील नावे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने जी प्रचंड घळई कोरली आहे, तिच्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे. ‘ग्रँड कॅन्यन’ म्हणून तिची जगभर ख्याती आहे. लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर आणि खोली दीड किलोमीटरहून अधिक. हे आकडे कोणत्याही भूगोलात सापडतील. आमच्या मते खरे नवल आहे ते वयाचे. काठावरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा, तळाचा काळाभोर रूपांतरित खडक सुमारे १७५ कोटी वर्षांचा. आणि हे सारे कापणारी घळई मात्र, बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते, अवघी पन्नास-साठ लाख वर्षांची! भूगर्भातील हालचालींनी पठार वर उचलले गेले, नदीस उतार लाभला, आणि वाळू-गोट्यांची कानस करून तिने आपले पात्र खोल नेले. रुंदी ही मुख्यतः पावसाची, फटींत गोठणाऱ्या पाण्याची आणि ढासळणाऱ्या कड्यांची करणी होय.

आणखी एक चमत्कार पाहा. कित्येक ठिकाणी सुमारे ५१ कोटी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म थेट त्या तळाच्या खडकावर टेकलेला आढळतो. मधल्या शंभर कोटींहून अधिक वर्षांचा तेथे मागमूस नाही. थर साचले असतील ते झिजून गेले. कुलवृत्तांतात मूळपुरुषानंतर एकदम पणजोबांचेच नाव यावे, तसा हा प्रकार आहे.

तळाच्या त्या खडकास ‘विष्णु शिस्ट’ म्हणतात, हे ऐकून आपणांस कौतुक वाटेल. घळईतील शिखरांना विष्णु, ब्रह्मा आणि शिव यांच्या मंदिरांची नावे आहेत. त्यांपैकी विष्णु व शिव ही नावे क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने दिली. त्याचा या प्रदेशावरील ग्रंथ १८८२ साली प्रसिद्ध झाला. ते सुळके त्यास पौर्वात्य देवालयांसारखे भासले.

परंतु आपली छाती फुगण्यापूर्वी त्याच १८८२ सालची दुसरी हकीकतही ऐकावी. निळ्या-हिरव्या पाण्याचे लोक असा ज्यांच्या नावाचा अर्थ, ते हवासुपाई या घळईत पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. उन्हाळ्यात खाली ओढ्याकाठी मक्याची शेती करावी, हिवाळ्यात पठारावर शिकारीस जावे, असा त्यांचा क्रम. सरकारी आज्ञेने त्यांच्याकडे अवघी ५१८ एकर जमीन उरली. सातासमुद्रांपलीकडच्या देवांना तेथे शिखरे मिळाली. घरच्या माणसांना पठारही उरले नाही. १९१९ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि घळईच्या वाटेवरील झऱ्याकाठी त्यांचा जो मळा होता, तेथून १९२८ साली त्यांच्यापैकी अखेरच्या रहिवाशासही घालवून देण्यात आले. त्या जागेस पुढे ‘इंडियन गार्डन’ म्हणत, हा विनोद म्हणावा की काय, आम्हांस कळत नाही.

या लोकांनी मात्र मागणी सोडली नाही. १९७५ साली कायदा होऊन सुमारे १,८५,००० एकर भूमी त्यांस परत मिळाली. झऱ्याकाठची ती जागा उद्यानाकडेच राहिली. पण जमातीच्या विनंतीवरून २०२२ साली तिचे नाव बदलण्यात आले, आणि आता ती ‘हवासुपाई गार्डन्स’ म्हणून ओळखली जाते.