आदेश हातात आला म्हणजे विषय संपला?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, वकील नाही. पण ओळखीच्या एका घरासाठी बरेच कागद वाचावे लागले, आणि त्यातून जे कळलं ते आज सांगतोय. ॲसिड हल्ल्याचा उल्लेख येईल. ऐकवत नसेल तर हा भाग खुशाल सोडा.

गुन्ह्यात इजा झालेल्या माणसाला सरकारकडून नुकसानभरपाई मिळू शकते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. आरोपी सापडला नसला तरीही करता येतो. पण रक्कम मंजूर झाली आणि ती कमी पडली, तर?

ज्या घराबद्दल बोलतोय, तिथल्या ताईला तीन लाख मंजूर झाले. काका म्हणाले, "मिळालं तेवढं पुरे रे. पुन्हा कोण चकरा मारणार?" मी विचारलं, "काका, आदेश हातात कधी आला?" एकोणीस दिवस झाले होते. म्हणजे अकरा दिवस उरले होते.

कसले अकरा दिवस? महिला पीडितांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, म्हणजे नालसाची, २०१८ ची योजना आहे. रक्कम मान्य नसेल तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अपील करता येतं. उशीर झाला तर कारण देऊन विलंब माफीचा अर्ज जोडायचा. तो मंजूर होईलच असं नाही, म्हणून ३० दिवस पाळलेले बरे.

आता अपिलात लिहायचं काय? नुसतं "रक्कम कमी आहे" म्हणून भागत नाही. त्या योजनेच्या तक्त्यात ॲसिडची इजा २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ३ ते ४ लाख, आणि चेहरा विद्रूप झाला असेल तर ७ ते ८ लाख. ताईचा आदेश सुरुवातीच्या दाखल्यावरून निघाला होता. चेहऱ्यावरचे व्रण कायमचे आहेत, हे डॉक्टरांनी नंतर लिहून दिलं. आम्ही म्हणतो ना, इनपुट अर्धवट तर आउटपुटही अर्धवट. म्हणून नवा वैद्यकीय दाखला, पुढच्या शस्त्रक्रियांचं खर्चाचं पत्रक आणि बुडालेल्या कमाईचा पुरावा, हे सगळं जोडायचं.

आपल्याकडे २०१३ पासून राज्याची मनोधैर्य योजना आहे. प्रत्येक राज्याचे नियम थोडे वेगळे, तेव्हा आपला आदेश कोणत्या योजनेखाली आहे ते आधी बघा. पण नालसाच्या योजनेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की ही किमान तरतूद आहे. राज्यांनी भर घालावी, कमी करू नये. त्याआधी २०१५ मध्ये परिवर्तन केंद्र प्रकरणात, ॲसिड हल्ल्यासाठीचे तीन लाख ही किमान रक्कम आहे असं सांगून एका मुलीला दहा लाख द्यायला लावले होते.

अपिलाशिवाय आणखी दोन वाटा आहेत. पहिली, अंतरिम मदत मिळाली असेल तर ती शेवटची नव्हे. अंतिम रक्कम वेगळी ठरते. दुसरी, खटला संपताना भरपाई अपुरी वाटली तर न्यायालय स्वतः शिफारस करू शकतं. आरोपी निर्दोष सुटला तरीही! सरकारी वकिलांना याची आठवण करून द्या.

आणि एफडीचं काय? नालसाच्या योजनेत साधारण ७५ टक्के रक्कम किमान तीन वर्षं मुदत ठेवीत राहते. पण उपचार, शिक्षण किंवा तातडीची गरज असेल तर प्राधिकरण अपवाद म्हणून आधी पैसे काढू देऊ शकतं. त्यासाठीही लेखी अर्ज लागतो.

ताईचं अपील मुदतीत गेलं. निकाल यायचाय. वकिलाला एक रुपया द्यावा लागला नाही, कारण महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. हेल्पलाइन १५१००. सेव्ह करून ठेवा. आणि कुणाच्या घरी असा आदेश आला असेल, तर "किती मिळाले?" याच्या आधी "कधी मिळाला?" हे विचारा.